शून्य आणि कोरा रकाना
(शिक्षकांच्या उन्हाळी शिबिरात दिलेले व्याख्यान)



शालेय विद्यार्थ्यांना पृथ्वी आणि वातावरण यांचे विज्ञान प्रत्यक्ष कृतीतून कसे शिकवावे, या विषयावर मी आपल्याशी बोलावे अशी संयोजकांची इच्छा आहे. विषय विस्तीर्ण आहे. खडक, माती, नद्या, वारे, मेघ, ऋतू हे सारे त्यात येते. परंतु तासाभरात साऱ्या पृथ्वीची प्रदक्षिणा घालण्यापेक्षा शाळेच्या अंगणातील एका साध्या भांड्यापाशी आपण थांबावे, हे मला अधिक उपयुक्त वाटते. ते भांडे म्हणजे पर्जन्यमापक.

हे भांडे आपल्या देशाला नवे नाही. धान्याच्या कोठारापाशी एक हात रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. निरनिराळ्या प्रदेशांच्या पर्जन्याचे आकडेही तेथे दिलेले आहेत : अश्मक देशात साडेतेरा द्रोण, अवंतीत २३ द्रोण. पाऊस मोजण्याची जागा कोठारापाशी असावी, यात मोठा अर्थ आहे. त्या कुंडातील पाण्यावर पेरणी, पीक आणि राज्याचा महसूल ही सारी अवलंबून होती. म्हणजे पावसाचा आकडा हा प्रारंभापासूनच उत्तरदायित्वाचा आकडा आहे.

आता हे साधन शाळेत कसे सिद्ध करावे ते पाहू. सरळ बाजूंची एक प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. तिचा वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडावर बसवावा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून तळाशी खडे घालून, बाटली जेथून सरळ होते तेथपर्यंत पाणी ओतावे आणि त्या पातळीवर शून्याची खूण करावी. त्यापुढे मिलिमीटरची पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार झाला. भिंत अथवा झाड यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, मोकळ्या जागी तो ठेवावा. भोवतालच्या जमिनीवरचे शिंतोडे आत उडू नयेत एवढी त्याच्या तोंडाची उंची असावी. रोज सकाळी साडेआठ वाजता, भारतीय हवामानशास्त्र विभाग ज्या वेळी दिवसाचा पाऊस मोजतो त्याच वेळी, डोळा पाण्याच्या पातळीला समांतर आणून वाचन करावे. नंतर जास्तीचे पाणी ओतून टाकून पातळी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणावी. कोरड्या दिवसांत पाणी वाफ होऊन उडते, तेव्हाही ही खूण गाठून ठेवावी लागते.

एवढ्या साहित्यातून केवढे गणित निघते पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटरचे असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर त्या छपरावर ५,००० लिटर पाणी पडले. हे उत्तर मुलांनी स्वतः काढले की शाळेतील पिण्याच्या पाण्याची टाकी त्यांना निराळी दिसू लागते.

परंतु खरी अडचण भांडे करण्यात नाही. ती नोंदवहीत आहे. माझ्याच हातून घडलेला एक प्रमाद आपणापुढे मांडतो.

अनेक वर्षांपूर्वी मी नदीकाठच्या एका गावी शिक्षक होतो. वर्गाने पर्जन्यमापक बसवला होता आणि नोंदवहीची शिस्त मोठ्या अभिमानाने राखली होती. एका श्रावणात नदीला पूर आला, मला पलीकडून येता येईना, आणि तीन दिवस शाळा बंद राहिली. चौथ्या दिवशी पाहिले तो भांड्यात १८६ मिलिमीटर पाणी साचलेले. तपासणीचा दिवस जवळ आला होता आणि वहीत तीन रकाने कोरे होते. मी १८६ ला ३ ने भागले आणि प्रत्येक दिवशी ६२ असे सुबक अक्षरात लिहून टाकले. बेरीज बरोबर होती, म्हणून मनाला टोचणीही लागली नाही.

सातवीतल्या एका मुलीने ती वही पाहिली. तिचे घर शाळेला लागूनच होते. ती म्हणाली, “गुरुजी, पहिले दोन दिवस तर आपल्या गावात थेंबही पडला नाही. आईने अंगणात कपडे वाळत घातले होते. नदी वरच्या पावसाने भरली होती. आपल्याकडचा सगळा पाऊस तिसऱ्या रात्री आला.”

मी निरुत्तर झालो. हवामान विभागाच्या वर्गीकरणाप्रमाणे चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पाऊस हा मध्यम, आणि ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस हा अतिशय जोरदार समजला जातो. माझ्या भागाकाराने एक भयंकर रात्र पुसून टाकली होती आणि तिच्या जागी तीन सौम्य दिवस निर्माण केले होते. उद्या एखाद्या अभियंत्याने त्या वहीवरून ओढ्यावरची मोरी बांधली असती, तर ती मोरी पुढच्या तशाच रात्री वाहून गेली असती. मी त्या तीन आकड्यांवर एकेक रेघ ओढली, खालचे वाचता येईल अशी. दोन रकाने कोरे ठेवले, तिसऱ्यात ‘तीन दिवसांची एकत्र मोजणी १८६’ असे लिहिले, आणि शेऱ्याच्या जागी त्या मुलीने पाहिलेले तिच्याच शब्दांत नोंदवले. तपासणीला आलेल्या गृहस्थांना ती खाडाखोड रुचली नाही. मुलांना मात्र त्या पानाचे महत्त्व पुरते उमगले होते.

त्या दिवसापासून मी प्रत्येक वर्गाला प्रथम दोन चिन्हांतील भेद शिकवतो. शून्य म्हणजे ‘मी पाहिले आणि पाऊस नव्हता.’ कोरा रकाना म्हणजे ‘मी पाहिले नाही.’ शून्य हे ज्ञान आहे. कोरा रकाना ही अज्ञानाची प्रामाणिक कबुली आहे. या दोहोंची गल्लत झाली की काय होते याचा विचार करा. मूल शाळेपर्यंत पोहोचू शकत नाही तो दिवस बहुधा मुसळधार पावसाचाच असतो. त्या दिवसाच्या रकान्यात कोणी शून्य भरले, तर नेमका सर्वांत मोठा पाऊसच नोंदीतून नाहीसा होतो.

ही शिस्त केवळ माझी नव्हे. ‘ग्लोब’ या नावाचा आंतरराष्ट्रीय शालेय उपक्रम १९९४ साली अमेरिकेत जाहीर झाला व १९९५ मध्ये सुरू झाला. भारत त्यात २००० साली सामील झाला. आज शंभराहून अधिक देशांतील शाळा त्यात पाऊस, तापमान, मेघ, माती यांची निरीक्षणे नोंदवतात. तेथेही पाऊस न पडलेला दिवस, मोजता न येण्याइतका अल्प पाऊस आणि न घेतलेले निरीक्षण या तिहींना निरनिराळ्या खुणा आहेत. मेघांच्या बाबतीत तर मुलांचे काम विशेष मोलाचे ठरते. उपग्रह मेघांना वरून पाहतो. उंचावरच्या थराखाली दडलेले सखल ढग त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. खाली अंगणात उभे असलेले मूल तेच ढग खालून पाहते. उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या सुमारास केलेली अशी नोंद त्याच्या नोंदीशी ताडून पाहिली जाते.

आपल्या देशात या मार्गाचा पाया याहून पूर्वी घातला गेला. मध्य प्रदेशातील होशंगाबाद, म्हणजे आताचे नर्मदापुरम, या जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो आरंभिला, १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात पसरला, आणि १९८२ साली स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. मुले लहान टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, आपापली निरीक्षणे लिहीत आणि त्यांवरून निष्कर्ष काढीत. गावची माती आणि डोक्यावरचे आकाश हेही त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे, कारण पाठ केलेले उत्तर तेथे मागितलेच जात नसे. २००२ साली शासनाने हा कार्यक्रम बंद केला. परंतु खेड्यातील साधी शाळा हे करू शकते, हे त्या तीस वर्षांनी सिद्ध करून ठेवले आहे.

आपण विचाराल, मुलांच्या या नोंदींची खरोखर गरज आहे काय? वेधशाळा आहेत, उपग्रह आहेत. त्याचे उत्तर मुंबईने दिले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथील वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, तो सुमारे ७४ मिलिमीटर होता. एकाच शहरात एवढे अंतर पडते, तर ज्या तालुक्यात एखादेच पर्जन्यमापक असेल, तेथील उरलेल्या गावांवर काय कोसळले हे कोणी सांगावे? प्रत्येक शाळा हे सांगू शकेल, मात्र तिची वही खरी असेल तरच.

म्हणून शेवटी एक विनंती. या उपक्रमाला गुण द्यायचे असतील तर सुबक वहीला देऊ नका, आणि शेजारच्या शाळेशी जुळणाऱ्या आकड्यालाही देऊ नका. कोऱ्या रकान्याबद्दल कोणत्याही मुलाचा गुण कापू नका. कापलात तर दुसऱ्या दिवशी तो रकाना भरलेला आढळेल, आणि तो कशाने भरला हे आपणांस कधीच कळणार नाही. जे पाहिले ते लिहावे, जे पाहिले नाही ते मोकळे सोडावे, आणि चुकलेल्या आकड्यावर तो वाचता येईल अशी रेघ ओढावी. एवढे जे मूल शिकले, ते पुढे हवामानशास्त्रज्ञ होवो, तलाठी होवो वा शेतकरी होवो, त्याच्या शब्दावर इतरांना विसंबता येईल.

जून तोंडावर आला आहे. पहिल्या सरीपूर्वी आपल्या अंगणात ती बाटली बसलेली असावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.