जोडाचा हिशेब



पोलादी बांधकामांच्या डिझाइनवरची ही परिषद कृष्णाकाठी सांगलीत भरावी, यात औचित्य आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले. सातारारोडला कूपर यांचा नांगरांचा कारखाना उभा राहिला. सांगलीत १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेच आजचे वालचंद. कऱ्हाडला १९६० मध्ये शासकीय महाविद्यालय आले. लोखंड घडवणारे हात आणि त्याचे गणित शिकवणाऱ्या संस्था एवढ्या जवळजवळ नांदत असलेला दुसरा ग्रामीण पट्टा सहज सापडणार नाही. तरीही हे हात आणि हे गणित एका ड्रॉइंगवर फार क्वचित भेटतात, आणि आज मला जे मांडायचे आहे ते याच उणिवेबद्दल आहे.

पोलादी बांधकाम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठे पूल आणि उंच इमारती येतात. सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत मात्र सर्वाधिक पोलाद शेडमध्ये जाते. कुपवाड, मिरज, तासवडे, शिरवळच्या औद्योगिक वसाहतींतले कारखाने, साखर कारखान्यांची गोदामे, विट्याचे यंत्रमाग, कोंबड्यांच्या शेड, तासगाव-कवठेमहांकाळकडची बेदाण्याची रॅक आणि शीतगृहे या सगळ्यांचा सांगाडा पोलादाचा आहे. पूर्वी सांगलीची हळद हरिपूरच्या पेवांत राहायची. २००५च्या महापुराने त्या पेवांचे मोठे नुकसान केले आणि साठवण जमिनीवरच्या गोदामांकडे सरकली. शेतकऱ्याचा वर्षाचा माल आज ज्या छपराखाली असतो ते छप्पर पत्रा, पर्लिन आणि कैचीचे असते, आणि बहुतेक वेळा ते मागच्या शेडवर नजर टाकून उभे केलेले असते. माझे म्हणणे असे की पोलादी बांधकामाचे डिझाइन अँगलचा आकार ठरवून संपत नाही. ते जोडात आणि पायाच्या बोल्टात पूर्ण होते. लहान शेडमध्ये नेमका हाच भाग आज कुणाच्या हाती नसतो. तो अभियंत्याने आपल्या हाती घेतला पाहिजे.

हे म्हणणे आकड्यांवर तपासून पाहू. वाऱ्याच्या भारासाठी आपण आय.एस. ८७५ या संहितेचा तिसरा भाग वापरतो, तो २०१५ साली सुधारला गेला. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. आपले दोन्ही जिल्हे नकाशावर त्याच पट्ट्यात येतात. या वेगाला दाब होतो चौरस मीटरला साधारण ९३ किलो. आता छपराचे वजन पाहा. पत्रा, पर्लिन आणि कैची मिळून ते चौरस मीटरला २० किलोच्या आसपास असते. एका बाजूला मोठे दार उघडे असलेल्या गोदामात वारा आतून छप्पर वर ढकलतो आणि बाहेरून वर ओढतो. दोन्हींची बेरीज मूळ दाबाएवढी किंवा त्याहूनही जास्त होऊ शकते. ती मूळ दाबाएवढीच धरली तरी खाली २० आणि वर ९०, म्हणजे चौरस मीटरमागे ७० किलोची ओढ वरच्या दिशेने उरते. २० मीटर रुंदीच्या शेडमध्ये कैच्या पाच-पाच मीटरवर असतील तर मधल्या प्रत्येक खांबाच्या वाट्याला ५० चौरस मीटर छप्पर येते आणि तो खांब साडेतीन टनांनी उपटला जातो. तेवढे वजन नुसत्या काँक्रीटने भरून काढायचे तर जवळपास दीड घनमीटर काँक्रीट लागेल. वरच्या मातीची मदत मिळते, पण ती हिशेबात धरलेली असावी लागते. तीन फूट लांब-रुंद आणि एक फूट जाड पायाचे वजन अर्ध्या टनाच्या थोडे वर भरते. जोत्याचे काँक्रीट टाकताना ‘शेड हलकी आहे, एवढे पुरे’ असे जे म्हटले जाते, त्यातल्या ‘हलकी आहे’ या कारणामुळेच ते पुरत नाही.

हा उलटा भार फक्त पायाशी थांबत नाही. नेहमीच्या वजनाखाली कैचीचा खालचा अँगल ताणात असतो. ताणातला अवयव बारीक चालतो म्हणून तो बारीक ठेवतात. वारा छप्पर उचलू लागला की तोच अँगल दाबात येतो. दाबातल्या सडपातळ अवयवाची ताकद त्याच्या आधाराविना असलेल्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, लांबी दुप्पट झाली की ताकद चौथाई उरते. म्हणून खालच्या अँगलला आडवे ब्रेसिंग लागते. किमतीच्या वाटाघाटीत सर्वांत आधी कापले जाते तेही हेच ब्रेसिंग, कारण नेहमीच्या दिवशी ते काहीच करताना दिसत नाही. साताऱ्याच्या डोंगरांवर तर वाऱ्याचे गणित आणखी चढते. वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या आल्या त्या या वाऱ्यामुळेच. डोंगरमाथ्यासाठी संहिता वेगाला १.३६पर्यंतचा गुणक देते. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो जवळपास ८५ टक्क्यांनी वाढू शकतो. कुपवाडच्या सपाटीवर चाललेली कैची पाटणच्या माथ्यावर तशीच नेऊन बसवणे धोक्याचे आहे.

आता प्रत्यक्ष जोड पाहू. गसेट प्लेटला अँगल सहा मिलिमीटरच्या फिलेट वेल्डने जोडला आहे. वेल्डची कामाची जाडी त्याच्या सात दशांश, म्हणजे ४.२ मिलिमीटर. पोलादी बांधकामाची संहिता असलेल्या आय.एस. ८००च्या २००७च्या आवृत्तीने हा वेल्ड शॉपमध्ये केला तर त्याच्या प्रत्येक मिलिमीटर लांबीला साधारण ८० किलो भार धरता येतो, साइटवर केला तर ६७ किलोच. संहितेने शॉपच्या वेल्डला १.२५ आणि साइटच्या वेल्डला १.५ असा सुरक्षा गुणक लावला आहे, त्याचा हा परिणाम. परांचीवर वाऱ्यात लोंबकळत केलेल्या वेल्डवर संहिताच कमी विश्वास ठेवते. त्यातून अँगल आणि प्लेट यांच्यात तीन मिलिमीटरची फट राहिली आणि ती वरून भरून घेतली, तर सहाचा वेल्ड कामाला तीनचाच उरतो. बाहेरून तो अगदी पूर्ण दिसतो. त्यावर रंग चढला की पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. बेस प्लेटचेही असेच. बोल्ट जागेवर आले नाहीत की प्लेटचे भोक गॅस कटरने वाढवले जाते किंवा बोल्ट ठोकून वाकवला जातो. साडेतीन टनांचा हिशेब ज्या चार बोल्टांवर अवलंबून आहे, त्यांचे हे होते. २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. जमिनीच्या पातळीखाली गाडलेल्या बेस प्लेटभोवती अशा पुराचा गाळ साचून राहतो आणि गंज आधी तिथेच धरतो.

जोड दुर्लक्षिला की काय होते, याची जगाला माहीत असलेली सर्वांत मोठी साक्ष अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची आहे. १७ जुलै १९८१ रोजी हयात रीजन्सी हॉटेलात छताला टांगलेले दोन पादमार्ग कोसळले आणि ११४ माणसे गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये एकच लांब सळई वरच्या पादमार्गातून खालच्यापर्यंत जात होती. बनवायला सोपे जावे म्हणून एका सळईच्या दोन केल्या आणि खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळईला टांगला. त्या एका बदलाने वरच्या तुळईखालच्या नटवर दुप्पट भार आला. चौकशीत असेही निघाले की मूळ जोडसुद्धा नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच होता. बदल मंजूर करताना जोडाचा हिशेब कुणीच केला नव्हता. डिझाइनर समजला फॅब्रिकेटर करेल, फॅब्रिकेटर समजला डिझाइनरने केला आहे. आपल्याकडची साक्ष ताजी आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळलेल्या होर्डिंगने १७ जीव घेतले. ते साधारण १२० फूट लांब-रुंद होते. मुंबईसाठी संहितेने सांगितलेल्या सेकंदाला ४४ मीटर वेगाने एवढ्या पृष्ठभागावर येणारा वाऱ्याचा जोर, आकाराचा गुणक न लावताही, दीडशे टनांच्या पुढे जातो. पाया त्या जोराला पुरेसा नव्हता.

भूकंपाच्या बाबतीत कोयनेची आठवण आपल्याला करून द्यावी लागत नाही. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतर या भागाकडे पाहण्याची संहितेची दृष्टीच बदलली. पोलादी बांधकाम हलके असते आणि वाकून ऊर्जा पचवते, म्हणून भूकंपात ते चांगले, असे आपण शिकवतो. ते खरे आहे, पण एका अटीवर. अवयव वाकण्याआधी जोड तुटता कामा नये. १७ जानेवारी १९९४च्या नॉर्थरिज भूकंपानंतर लॉस एंजलिस परिसरात शंभराहून अधिक पोलादी इमारतींत तुळई आणि खांब यांच्या वेल्डमध्ये ठिसूळ तडे सापडले. त्या इमारती उभ्या होत्या, भिंतींचा गिलावा काढल्यावर तडे दिसले. पोलादाच्या लवचीकपणावर ज्यांचा सर्वाधिक भर होता, त्यांनाच तो लवचीकपणा जोडातून मिळवावा लागतो हे नव्याने शिकावे लागले.

यावर आक्षेप येतील, आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप अनुभवी फॅब्रिकेटरचा: अशा कित्येक शेड उभ्या केल्या, दहा वर्षांत एकही पडली नाही. त्या अनुभवाचा मला आदर आहे. पण संहितेचा वारा ५० वर्षांत सरासरी एकदा येणारा आहे. तो कोणत्याही दहा वर्षांत न येण्याचीच शक्यता ८२ टक्के भरते. म्हणजे दहा वर्षे उभ्या राहिलेल्या बहुतेक शेडची परीक्षा अजून व्हायचीच आहे. ५० वर्षांच्या आयुष्यात मात्र तो किंवा त्याहून मोठा वारा येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. दुसरा आक्षेप असा की आता प्री-इंजिनिअर्ड शेड पुरवणाऱ्या कंपन्या डिझाइनसह सगळे देतात, मग स्थानिक अभियंत्याचे काम काय? त्या कंपन्यांचा सांगाडा बहुधा नीट हिशेबाचा असतो. पण पाया त्यांचा नसतो. कंपन्या खांबाच्या तळाशी येणाऱ्या भारांचे कोष्टक देतात. त्यात खाली येणारा भार असतो आणि वर उपटणाराही. पाया करणाऱ्याने पहिला स्तंभ वाचून दुसरा सोडला, तर सगळे डिझाइन त्या चार बोल्टांपाशी संपते. ते कोष्टक वाचणे आणि साइटवर बोल्ट तपासणे हे इथल्याच अभियंत्याचे काम आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तोच मला सर्वांत वजनदार वाटतो. बेदाण्याची रॅक किंवा पोल्ट्रीची शेड बांधणारा शेतकरी सल्लागाराची फी कुठून देणार? त्याला ती द्यायला लावणे हे उत्तर नाही. नेहमीचे गाळे, नेहमीच्या उंची आणि एकच वाऱ्याचा पट्टा असेल तर प्रत्येक शेडचे डिझाइन नव्याने करावे लागत नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९८७ मध्येच पोलादी कैच्यांच्या ठरावीक डिझाइनची पुस्तिका काढली होती, एस.पी. ३८. ती इंग्रजीत आहे, जुन्या पद्धतीच्या हिशेबावर आहे, आणि तिच्यानंतर आय.एस. ८०० आणि वाऱ्याची संहिता दोन्ही बदलल्या. फॅब्रिकेटरच्या शॉपमध्ये ती पोहोचल्याचे दिसत नाही. तेच काम आज नव्या संहितांनी, आपल्या पट्ट्यासाठी आणि मराठीत होऊ शकते. सहा, नऊ, बारा आणि पंधरा मीटरच्या गाळ्यांसाठी सपाटीची एक आणि डोंगरमाथ्याची एक अशी कोष्टके लागतील. अँगलचे माप त्यात असेलच. पण गसेटची जाडी, वेल्डची लांबी, ब्रेसिंगची जागा, बोल्टचा व्यास आणि खोली, पायाचे आकारमान हे सगळे त्यात चित्रासह हवे. वेल्डरला ते भिंतीवर लावून वाचता आले पाहिजे. शेतकऱ्याच्या खर्चात भर पडेल ती पायाच्या काँक्रीटची, बोल्टांची आणि ब्रेसिंगच्या थोड्या अँगलची. एका वादळात गेलेल्या बेदाण्यापुढे ती भर मोठी नाही.

म्हणून स्वागत समितीने कार्यक्रमात एक बदल केला आहे. दुपारचे दुसरे सत्र निबंधवाचनाचे न ठेवता या कोष्टकांसाठी राखले आहे. महाविद्यालयांनी हिशेब करावा, सल्लागारांनी तो स्वतंत्रपणे तपासावा आणि फॅब्रिकेटर मंडळींनी कोणता जोड शॉपमध्ये होतो, कोणता साइटवर करावाच लागतो, कुठे वेल्डिंगचा रॉड पोहोचत नाही, हे स्पष्ट सांगावे. त्यांचे म्हणणे न ऐकता काढलेले ड्रॉइंग साइटवर बदलले जाणारच. सभागृहाच्या मागच्या बाजूला कैचीचा टोकाचा जोड आणि बेस प्लेट यांचे पूर्ण मापाचे नमुने ठेवले आहेत. वेल्ड मोजायचे गेजही तिथेच आहे. सत्राला येण्याआधी प्रत्येकाने ते एकदा हातात घेऊन फट मोजून पाहावी, अशी विनंती करतो, आणि परिषदेच्या अध्यक्षांना कामकाज हाती घेण्याची विनंती करतो.