रिकाम्या पिशव्या घेऊन बाजाराला

दुपारची भांडीकुंडी उरकून बसला असाल, कुणी शेतात खुरपताना कानाला मोबाईल लावून ऐकत असाल. आज मी तुम्हाला पुण्याच्या उपनगरांतल्या शनिवार-रविवारच्या बाजारांबद्दल सांगणार आहे. तिथं आमचा गट दोनदा गेला. एकदा भरलेली पोती घेऊन आणि एकदा रिकाम्या पिशव्या घेऊन. दुसऱ्या खेपेला आम्ही जास्त घेऊन आलो. ते कसं, ते ऐका.

पहिली खेप दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीची. आम्ही चौघी होतो. गटातून १५,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज उचललं होतं. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, उडीदडाळ, कारळ्याची चटणी, जवसाची चटणी आणि वरून पेढे, असा सगळा माल टेम्पोत घालून गेलो. बाजार कसा आहे, किती वाजता भरतो, तिथं कोण येतं, आम्हाला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं. मीच पुढं होऊन सगळ्यांना नेलं होतं, म्हणून चूकही माझीच म्हणायची. आम्ही पाच-पाच किलोच्या पिशव्या भरल्या होत्या. गिऱ्हाईक यायचं, पिशवी उचलून बघायचं, "अर्धा किलो नाही का?" म्हणायचं आणि पुढं जायचं.

परत आल्यावर हिशोब मांडला. विक्री ९,४०० रुपये. त्यातून विकलेल्या मालाची किंमत, टेम्पो, जागेचं भाडं, दोन रात्रींचं राहणं-खाणं वजा केलं, तर चौघींत मिळून उरले ७६० रुपये. चौघींचे तीन-तीन दिवस म्हणजे बारा दिवस झाले. एका दिवसाचे ६३ रुपये. खुरपायला गेलो असतो तर त्याच्या कितीतरी पट मिळाले असते. निम्मं पीठ परत आलं आणि महिन्याभरात कडवट झालं. त्या कर्जाचे हप्ते आम्ही फेडले, पण एका बाईनं त्यानंतर मीटिंगला यायचंच सोडलं. तिच्या घरात रोज एकच वाक्य ऐकू यायचं, "गेली होती पुण्याला बाजार करायला." तिला परत आणायला मला आठ महिने लागले.

म्हणून या वर्षी संक्रांत झाल्यावर मी म्हटलं, आता माल न्यायचा नाही. नुसतं बघून यायचं. अध्यक्ष काकू हसल्या. "आगं, बाजार बघायला कुणी पुण्याला जातंय का? हितं हाय की आठवडी बाजार!" पण आपल्याकडं ही गोष्ट नवी नाही. १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागातल्या बायका घरबांधणीच्या कामात संवाद सहायक म्हणून गावोगाव फिरल्या. आधी बघितलं, विचारलं, मग बोलल्या. आम्हीही तेच केलं. आम्ही नऊ जणी निघालो. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं खर्च झेपला. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत शुक्रवारी संध्याकाळी पुण्याला पोहोचलो. एकीच्या भावाकडं दाटीवाटीनं झोपलो.

जाताना प्रत्येकीला एक काम दिलं होतं. एकीनं भाव लिहायचे, एकीनं पिशव्यांचे आकार बघायचे, दोघींनी एका दुकानासमोर बसून मोजायचं, की किती जणांनी माल हातात घेतला आणि किती जणांनी विकत घेतला. हे मोजणं फार कामाला आलं. गर्दी बघून माणूस हुरळतो. पण गर्दी म्हणजे विक्री नव्हे.

रविवारी सकाळी कोथरूडला गेलो. गांधीभवनात शेतकरी आठवडे बाजार भरतो. असे बाजार राज्यात पणन मंडळाच्या पुढाकारानं सुरू झाले. मुळात आपल्याकडं १९६३ चा बाजार समितीचा कायदा होता, माल समितीच्या आवारातून विकायचा. २०१६ साली फळं आणि भाजीपाला त्या नियमनातून काढला, आणि शेतकऱ्यानं सरळ शहरातल्या माणसाला विकायची वाट मोकळी झाली. आंध्रात रयतु बाजार १९९९ पासूनच होते. आपल्याला जरा उशीरच झाला.

तिथं पहिली गोष्ट कळली ती अशी, की भाजी आपला माल नव्हे. जवळच्या तालुक्यातला शेतकरी शनिवारी दुपारी मेथी काढतो आणि रविवारी सकाळी मांडतो. आपण अडीचशे किलोमीटरवरून मेथी नेली तर वाटेतच मान टाकेल. आपला माल तो, जो प्रवासात आणि आठवडाभर टिकतो. आपलं धान्य, डाळ, चटणी.

एका ठिकाणी ज्वारी मांडली होती. एक बाई आल्या, चष्मा वर करून दाणा हातात घेतला आणि विचारलं, "ही शाळू आहे की हायब्रीड?" विकणाऱ्या पोराला सांगता येईना. आमच्यातली एक काकू मागं उभी होती, तिला राहवलं नाही. तिनं दाणा दाताखाली फोडला आणि सांगितलं, "ताई, ही रब्बीची हाय, पण जुनी हाय. हिची भाकर चिरंल." मग दहा मिनिटं त्या दोघींचं चाललं होतं. आधण किती तापवायचं, पीठ कसं मळायचं, दळून किती दिवस ठेवायचं. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडची द्या ना मग मला पाच किलो." काकूनं रिकामी पिशवी उलटी करून दाखवली! आम्ही सगळ्या हसलो खऱ्या, पण माझ्या पोटात कालवलं. गेल्या खेपेला माल होता तेव्हा आम्ही तोंड उघडलं नव्हतं, आणि आज बोललो तर माल नव्हता.

आता भावाचं सांगते, कारण तिथंच आपण फसतो. तिथं ज्वारीचं पीठ किलोला ७० रुपये होतं. लगेच एकीनं गणित केलं, "आपण ३५ नं घालतो, म्हंजे दुप्पट की!" तसं नसतं. आम्ही एसटीत परत येताना वहीवर मांडलं. ज्वारी ३५, निवडताना घट २, दळण ६, पिशवी आणि लेबल ५, नेण्याचा खर्च ६. झाले ५४. राहिले १६. त्यातून जागेचं भाडं द्यायचं, न विकलेल्या मालाचा तोटा धरायचा, आणि मग आपली मजुरी. म्हणून आम्ही ठरवलं की पीठ न्यायचंच नाही. स्वच्छ निवडलेली ज्वारी किलो-किलोच्या पिशवीत न्यायची. दळणाचा खर्च वाचतो आणि कडवट व्हायची भीती नाही.

चटणीला मात्र कागद लागतो. खायचा पदार्थ बांधून विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी पाहिजे. लहान उलाढालीला ती स्वस्त आहे, आम्ही वर्षाला शंभर रुपये भरले. पिशवीवर पदार्थाचं नाव, वजन, बांधल्याची तारीख, किंमत आणि आपला पत्ता-फोन लागतो. तराजूवर वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. पहिल्या खेपेला आमच्याकडं यातलं निम्मंही नव्हतं, आणि कुणी विचारलं नाही हे आमचं नशीब. आणखी एक. आमच्या पेढ्यांच्या डब्यावर मी मोठ्या हौसेनं 'कुंथलगिरी' लिहिलं होतं. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या उस्मानाबादी शेळीलाही मिळालं. अभिमानाची गोष्ट आहे, पण त्यानंतर ते नाव डब्यावर टाकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. भूम तालुक्यातल्या बहिणींनी हे आपल्या प्रभागसंघात जरूर विचारावं.

आता आत्याबाईंचं सांगते. आमच्या गटात त्या सगळ्यांत वडील. गोधड्या शिवतात. लोक जुनी लुगडी आणून देतात आणि आत्याबाई ३५० रुपयांत अख्खी गोधडी शिवून देतात. शनिवारी आम्ही एका सोसायटीच्या आवारात हस्तकलेचा बाजार बघितला होता. तिथं गोधडी टांगली होती, चिठ्ठीवर किंमत २,२०० रुपये. आत्याबाईंनी कड उलटून टाका बघितला, बोटानं चाचपला आणि हळूच म्हणाल्या, "ह्यो मशीनचा हाय." मग दिवसभर त्या काही बोलल्या नाहीत. रविवारी परतताना टेंभुर्णीच्या स्टँडवर चहा घेताना एकदम म्हणाल्या, "मग माझ्या हाताचं काय?"

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. आम्ही हिशोब केला. एका गोधडीला त्यांच्या अठरा दुपारी जातात. ३५० भागिले अठरा करा, एका दुपारचे वीस रुपयेही होत नाहीत. त्यात दोरा त्यांचाच.

पण मी त्यांना दुसरी बाजूही सांगितली. ज्या दोघी मोजायला बसल्या होत्या, त्यांच्या वहीत दोन तासांत एकतीस जणांनी गोधडी हातात घेतलेली होती आणि विकत घेतली होती एकीनं, तीही बाळाची लहान दुपटी. २,२०० ची चिठ्ठी लावली म्हणजे २,२०० हातात आले असं नाही. त्या दुकानवालीलाही भाडं आहे, दिवस मोडतोय, माल पडून राहतोय. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बारकीच शिवावी मग. पाच दुपारीत व्हती." एवढी वर्षं त्यांना कुणी काय शिवावं ते विचारलंच नव्हतं, सगळे लुगडी टाकून जात होते.

आता तुम्ही विचाराल, परत पुण्याला कधी? खरं सांगू, आमच्यात यावरून भांडण झालं. तिघींचं म्हणणं, पुण्यातच पैसा आहे. बाकीच्यांचं म्हणणं, तीन दिवस घर सोडायचं तर जनावरांचं, लेकरांचं, म्हाताऱ्या सासूचं कोण बघणार? ही अडचण हिशोबाच्या वहीत येत नाही, पण तिच्यामुळंच बायका मागं राहतात. जी बाई आठ महिने रुसली होती ना, तिनंच तोड काढली. म्हणाली, सोलापूर जवळ आहे, तिथं वसाहती काही कमी आहेत का? सकाळच्या गाडीनं गेलं तर दिवे लागायला घरी. मला हे आधी सुचायला पाहिजे होतं. मुंबईचं महालक्ष्मी सरस वर्षातून एकदा असतं, तिथं उमेदमार्फत अर्ज करूच. पण दर महिन्याला पोटाला लागेल असा बाजार तासा-दीड तासाच्या वाटेवर पाहिजे.

तर येत्या रविवारी आम्ही सात जणी जुळे सोलापूरला जाणार आहोत. तिथं कुठं काय भरतं, लोक काय मागतात, सोसायटीवाले जागा देतात का, हे विचारून यायचं. वह्या तयार आहेत. माल न्यायचा नाही असंच ठरलंय, पण काकूनं पाच किलो शाळू निवडून ठेवलाय, आणि आत्याबाईंनी दोन दुपट्या शिवल्यात. मी म्हटलं, आत्याबाई, आपलं काय ठरलं होतं? तर म्हणाल्या, "इकायला नाही गं, नुसत्या दाखवायला."