स्टिरॉइड : कोणाला, केव्हा आणि किती?
(वार्षिक सभेत बालरोग विभागातर्फे केलेले भाषण)





‘डॉक्टर, स्टिरॉइड नको हो!’ हे शब्द आमच्या विभागात वारंवार कानी पडतात. आईवडिलांची ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच या औषधाविषयी दोन शब्द.

न्यूमोनिया झालेल्या बहुतेक बालकांना स्टिरॉइड लागत नाही. मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया मात्र कधीकधी हट्टी ठरतो. या जंतूला पेशीभित्तिका नसते. त्यामुळे भित्तिकेवर घाव घालणारे पेनिसिलिन येथे निष्प्रभ ठरते. अझिथ्रोमायसिनच्या गटातील औषधांनी बहुसंख्य मुले बरी होतात. काहींचा ताप मात्र सात दिवसांच्या उपचारांनंतरही हटत नाही, एक्स-रेमधील छाया वाढतच जाते. कधी जंतू औषधाला दाद देत नाही, तेव्हा औषध बदलावे लागते. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच प्रमाणाबाहेर खवळून फुप्फुसांना इजा करते. तो दाह शमवण्यासाठी स्टिरॉइड द्यावे लागते.

मात्रा वजनावर ठरते. मिथाइलप्रेडनिसोलोन सामान्यतः दर किलोमागे दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला २० ते ४० मिलिग्रॅम दिले जाते. अतिगंभीर अवस्थेत काही तज्ज्ञ किलोमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत जातात. त्याच मुलाला ही मात्रा ६०० मिलिग्रॅम होते! मोठी मात्रा नेमकी कोणाला द्यावी, याबाबत वैद्यकविश्वात अद्याप एकमत नाही. सीआरपी, एलडीएच, फेरिटिन या रक्ततपासण्या दाहाची तीव्रता सुचवतात. पण केवळ आकड्यावर निर्णय होत नाही. मुलाच्या उशाशी बसून त्याचा श्वास पाहावा लागतो.

आपल्या देशात आणखी एक सावधगिरी आवश्यक असते. छातीत क्षयरोग दडलेला असेल, तर स्टिरॉइडने ताप उतरल्याचा भास होतो आणि आतून रोग बळावतो. म्हणून आधी क्षयाचा शोध, मगच स्टिरॉइड. पुढे रक्तातील साखर व रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे लागते.

देणगीदारहो, आपल्या साहाय्याने चालणारी प्रयोगशाळा आणि रात्रपाळीची परिचारिका याच निर्णयाच्या वेळी उपयोगी पडतात. पालकांना एकच विनंती : हे औषध मनाने सुरू करू नये, मनाने बंदही करू नये, आणि उरलेले औषध दुसऱ्या लेकराला देऊ नये. भीती वाटली तर आम्हांला विचारावे. उत्तर देणे हाही आमच्या उपचारांचाच भाग आहे.