सेनिओकाठचा निरोप्या

कितीतरी घरांत फेटेवाल्या आजोबांचा जुना फोटो असतो. 'इटलीला होते' एवढंच नातवंडांना ठाऊक. मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या त्या इटलीतला हा एक दिवस.

9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव मराठा पलटणीत रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. हल्ल्यात आजूबाजूचे बहुतेक पडले. नामदेवांनी दोन जखमी सोबत्यांना, दोन खेपांत, खोल पाण्यातून आणि पेरलेल्या सुरुंगांमधून सुखरूप आणलं. तिथंच थांबले असते तरी कुणी नावं ठेवली नसती! ते परत गेले. हात जायबंदी, बंदूक धरवेना, मग हातबॉम्ब. शत्रूची मशीनगनची तीन ठाणी गप्प झाली. बांधावर चढून त्यांनी रणगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना हात करून बोलावलं.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय होतं 23.