चांदीची फुले आणि देवाचे दान
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



फूल वाहिल्यावाचून पूजा पुरी होत नाही. वसईकडच्या वाड्यांतला मोगरा आणि सोनचाफा पहाटेच्या गाडीने बोरीवलीवरून दादरच्या फूलबाजारात जातो आणि संध्याकाळपर्यंत निर्माल्य होतो. देवापुढे न कोमेजणारे फूलही असावे, या श्रद्धेने चांदीची फुले घडू लागली. गणपतीची जास्वंद आणि दूर्वांची जुडी, शंकराचे बेलपत्र, देवीचे कमळ ही त्यांची परिचित रूपे होत.

देवघरातले फूल घरच्या दागिन्यांतही आले. सोने म्हणजे लक्ष्मी, ते पायात घालू नये, असा संकेत असल्याने पैंजण, तोरड्या, वाळे, जोडवी ही चांदीचीच होत. कमरपट्ट्याच्या मध्यावर कमळ, तोरडीवर कळ्यांची ओळ, करंड्याच्या झाकणावर उमललेले फूल, गुलाबदाणीच्या तोंडाशी पाकळ्या अशी नक्षी जुन्या घरांतून आजही पाहावयास मिळते.

ही नक्षी फार जुन्या परंपरेतली आहे. बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांत कमळावर विराजमान झालेली बुद्धमूर्ती आहे. काळ्या कातळात पाकळी उमलवणारा शिल्पकार आणि पांढऱ्या पत्र्यावर तीच उमलवणारा सोनार यांची हत्यारे निराळी. पण दोघांनीही आधी फूल नीट निरखलेले असते.

आता हे फूल घडते कसे ते पाहू. चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सियसला वितळते. मुशीत टाकणखार टाकून ती आटवतात, ओततात आणि ठोकून तिचा पत्रा करतात. ठोकता ठोकता चांदी कडक होते. म्हणून कारागीर ती वारंवार तापवून नरम करतो. मग पत्रा राळ, विटेची पूड आणि तेल यांच्या मिश्रणावर बसवतात. हे मिश्रण घावाला आधारही देते आणि बेताने दबतेही. पत्र्याच्या मागून ठसा मारला की पुढे पाकळी फुगून येते. पुढे पत्रा उलटून बारीक कलमाने पाकळीची कड आणि शिरा काढतात. देठासाठी जंतरपट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढतात, परागासाठी चांदीचे रवे करतात आणि हे सारे डाखाने जोडतात. डाख चांदीपेक्षा थोड्या कमी उष्णतेवर वितळतो. तेवढ्या थोड्या अंतरातच काम साधावे लागते. आच क्षणभर जास्त झाली, तर कित्येक दिवसांच्या मेहनतीचा गोळा होतो.

या कामाची केंद्रे ठिकठिकाणी आहेत. कच्छमधील भुजचे ओमरसी मावजी यांची एकोणिसाव्या शतकातील वेलबुट्टीची चांदी आज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. ओडिशातील कटकच्या बारीक तारेच्या कामास, ज्याला तारकशी म्हणतात, २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध असून रौप्यनगरी म्हणूनच ओळखले जाते. तेथे यंत्रे आली, तरी कड्या जोडणे, घुंगरू लावणे अशी कामे घरोघरी चालतात आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे की, जीर्णोद्धाराच्या वेळी गावोगावी एक गोष्ट घडते. प्रभावळ, मखर किंवा गाभाऱ्याचे दार चांदीने मढवायचे ठरते. लोक भक्तीने घरातली जुनी चांदी आणून देतात. कोणी आजीच्या तोरड्या देतो, कोणी आईचा करंडा. सारी चांदी एका काट्यावर चढते, वजनाची पावती फाडली जाते आणि सारे एकाच मुशीत जाते. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. परंतु पाच तोळ्यांचा करंडा आटवला म्हणजे हाती सुमारे अठ्ठावन्न ग्रॅम धातू येतो, त्यातही डाखापायी घट धरावी लागते. ज्या हाताने त्यावर शेवंती उमलवली त्या हाताचे काम मात्र कोणत्याच पावतीवर येत नाही. तसे फूल पुन्हा घडवणारा कारागीर मिळेलच, याची खात्री उरलेली नाही.

म्हणून आलेली चांदी आटवण्यापूर्वी जाणत्या सोनाराकडून निवडून घ्यावी. हातकाम ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ठोकून उठवलेल्या पाकळीच्या मागे तशीच पोकळी असते. एकाच फुलाच्या दोन पाकळ्या तंतोतंत सारख्या नसतात. कडेला कलमाच्या बारीक खुणा दिसतात. साच्यातून छापलेली फुले मात्र एकसारखी निघतात. मोडकी, झिजलेली किंवा साच्यातली चांदी खुशाल आटवावी; देवाच्या कार्याला धातूही लागतोच. परंतु हातकामाची वस्तू शक्य तर आहे तशीच पूजेत वापरावी किंवा प्रभावळीवर बसवावी. आटवणे अटळच असेल, तर आधी तिचे छायाचित्र काढावे, नक्षीचा मेणावर ठसा घ्यावा आणि तीच नक्षी नव्या कामात उतरवण्यास कारागिराला सांगावे. देवस्थानच्या वहीत वजनाबरोबर वस्तूचे वर्णनही लिहावे. दात्याला दान पोहोचल्याचे समाधान त्यातून अधिक मिळेल.

नवी चांदी घेताना शुद्धतेची खूण पाहावी. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कबरोबर सहा अक्षरांकांचा ओळख क्रमांक देण्याची सोय झाली. सुरुवातीस ती ऐच्छिक ठेवण्यात आली. आणि मजुरीत फार घासाघीस करू नये. धातूचा भाव बाजार ठरवतो. कला टिकते ती मजुरीवर.

एक सूचना भगिनींसाठी आणि पुजाऱ्यांसाठी. हवेतील गंधकाने चांदी काळवंडते. ती राखेने किंवा रांगोळीने घासली की दरवेळी थोडी झिजते आणि काही वर्षांत पाकळीच्या शिरा नाहीशा होतात. त्याऐवजी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन मऊ फडक्याने कोरडी करावी. खोलगट भागात राहिलेला थोडा काळसर रंग तसाच असू द्यावा. त्यानेच नक्षी उठून दिसते.

मंदिराचे दगड बदलले, कळस नवा झाला, तरी देव तोच असतो. जुन्याला जपून नवे उभारणे यालाच जीर्णोद्धार म्हणतात. ज्या हातांनी देवासाठी न कोमेजणारी फुले घडवली, त्यांचे काम पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर राहो, आणि तसे हात गावोगावी पुन्हा घडोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.