उष्णता फरशीतून येत नाही



मार्च संपत आला की विजेच्या वस्तूंच्या दुकानांत एक संवाद हमखास कानावर पडतो. "खोली केवढी?" "दहा बाय बारा." "मग एक टन पुरेल तसा, पण दीडच घेऊन टाका, कटकट नको." गिऱ्हाईक मान हलवतं, कार्ड निघतं आणि पुढच्या दहा वर्षांच्या उन्हाळ्याचा निकाल मिनिटभरात लागतो.

दुकानदाराचा हिशेब खोटा नसतो. १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड, त्यापुढे दोन, हा ठोकताळा बाजारात रुळलेला आहे आणि बऱ्याच खोल्यांना तो चालूनही जातो. अडचण एवढीच, की तो फक्त फरशी मोजतो आणि उष्णता काही फरशीतून येत नाही. ती छतातून येते, पश्चिमेच्या भिंतीतून येते, काचेतून येते, दाराखालच्या फटीतून येते आणि आपल्या स्वतःच्या अंगातून येते. तिथे एसीचं माप घ्यायला हवं.

आधी टनाचं बघू. हा टन यंत्राच्या वजनाचा नाही. बर्फाच्या धंद्याच्या काळात ठरलेलं ते माप आहे: दोन हजार पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, ती एक टन. आजच्या हिशेबात साधारण ३,५०० वॅट. एवढी वीज मात्र जळत नाही, बरं का. ही खोलीतून बाहेर काढलेली उष्णता आहे. ती काढायला चांगल्या एसीला हजारेक वॅट वीज लागते.

आता दोन खोल्या घेऊ, दोन्ही दहा बाय बाराच्या. पहिली जळगावात, वरच्या मजल्यावर, पश्चिमेला खिडकी. मे महिन्यातली दुपार, बाहेर ४४-४५ अंश. गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही, म्हणजे उघड्या स्लॅबचा वरचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे गेलेला असतो. त्या स्लॅबमधून एकट्यातून सव्वा हजार वॅटच्या आसपास उष्णता खाली उतरते. उन्हाकडे तोंड केलेली चार बाय चारची काच पाच-सहाशे वॅट आत घेते. तापलेल्या दोन भिंती सहा-सातशे, दोन माणसं अडीचशे, दिवा-टीव्ही-पंखा दीडशे, फटींतून शिरणारी गरम हवा दोनेकशे. आकडे ढोबळ आहेत, पण बेरीज तीन हजारांच्या वर जाते. इथे एक टन म्हणजे काठावरचा कारभार.

त्यातून आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. एसीच्या लेबलावर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. बाहेर ४५ असेल तर तेच यंत्र कमी उष्णता काढतं, कारण बाहेरच्या युनिटला ती उष्णता आधीच तापलेल्या हवेत टाकायची असते. ऐन गरजेच्या वेळी अंगात बळ कमी. म्हणून खानदेशात आणि विदर्भात वरच्या मजल्यावर दीड टन घेणारा उधळ्या नाही. (नागपूरकर यावर म्हणतील, की आमचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर काय वाईट आहे? कोरड्या हवेत अजिबात वाईट नाही. जूनमध्ये आभाळ भरून आलं की मात्र त्याचा नाइलाज होतो.)

आणि स्लॅबला घाई नसते. दुपारी वर पडलेलं ऊन काँक्रीटमधून झिरपत खाली यायला काही तास लागतात. त्यामुळे रात्री नऊला, बाहेर जरा वारं सुटलेलं असताना, पंखा डोक्यावर गरम हवा ओततो. वरच्या मजल्यावरच्या बेडरूमचं माप काढताना या रात्रीच्या उष्णतेला विसरायचं नाही.

दुसरी खोली मुंबईत, सात मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. वर शेजाऱ्यांचं घर, खाली शेजाऱ्यांचं घर, एकच भिंत बाहेर, तापमान ३३. तीच बेरीज इथे केली तर हजार-बाराशे वॅटच्या पुढे मोठ्या मुश्किलीने जाते. इथे पाऊण ते एक टन भरपूर झाला. तरी मुंबईकर दीड घेतो आणि मग तक्रार करतो, की खोली गार होते पण बरं वाटत नाही. अंथरूण ओलसर, कपाटातल्या कपड्यांना वास, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी.

याचं कारण दमट हवा. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तसंच एसीतल्या गार नळ्यांवर हवेतलं पाणी जमतं आणि पाइपातून बाहेर बादलीत ठिबकतं. हे काम फुकट होत नाही. एक लिटर पाणी हवेतून काढायचं तर जवळजवळ ६८० वॅट क्षमता तासभर त्यातच खर्ची पडते. आणि मुख्य म्हणजे त्याला वेळ लागतो. कॉम्प्रेसर सलग चालायला हवा. गरजेपेक्षा मोठा एसी खोलीचं तापमान दहा मिनिटांत खाली आणतो आणि कॉम्प्रेसर बंद करून बसतो. पंखा फिरत राहतो, नळ्यांवर साठलेलं पाणी पुन्हा खोलीत उडतं. मग माणूस चिकचिक होते म्हणून रिमोटवर १८ करतो. म्हणजे थंडी वाजते, घामट वाटतं आणि बिलही येतं, तिन्ही एकदम.

इन्व्हर्टरवाले म्हणतील, आमचा कॉम्प्रेसर बंद पडत नाही, मंद होतो. खरं आहे, आणि त्यामुळे मोठ्या मापाची चूक पूर्वीइतकी बोचत नाही. पण मंद होण्यालाही तळ असतो. शिवाय कॉम्प्रेसर फार मंद चालला की नळ्या पुरेशा गार राहत नाहीत आणि पाणी कमी निघतं. कोकणपट्टीवर आणि गोव्यात मी तरी मोठ्या मापाचा सल्ला देणार नाही.

दुकानात गेलात की टनावर थांबू नका. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित लेबलावर थंड करण्याची क्षमता वॅटमध्ये छापलेली असते, ती वाचा. दीड टन म्हणजे खरं तर सुमारे ५,२७५ वॅट. पण 'दीड टन' म्हणून विकली जाणारी काही मॉडेलं पाच हजारांच्याही खाली असतात. तारे काटकसर सांगतात, ताकद सांगत नाहीत. जानेवारी २०२० पासून तारांकित एसी चालू करताच २४ अंशांवर सुरू व्हावा असा नियम आहे. तुमचा हिशेब त्याच २४ वर धरा. अठरा अंशांसाठी माप घेतलंत तर कुठल्याच खोलीला कुठलाच एसी पुरायचा नाही.

यंत्र वाढवण्याआधी उष्णता कमी करता आली तर सोन्याहून पिवळं. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चायना मोझॅक, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा किंवा चटई. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बाहेरून अडवलेलं ऊन आत येतच नाही. जळगावच्या त्या खोलीत एवढं केलं तर बेरीज इतकी खाली येते, की एक टनाचा पुन्हा विचार करता येईल. रंगाचा खर्च एकदाचा, विजेचा दर महिन्याचा.

राहिलं बाहेरचं युनिट. कित्येक सोसायट्यांत ते अरुंद डक्टमध्ये किंवा जाळी लावून बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत कोंबतात. तिथे त्याने फेकलेली गरम हवा फिरून त्याच्याच तोंडात येते आणि अचूक मापाचा एसीही अपुरा ठरतो. त्याच्यासमोर मोकळी जागा हवी, जमलं तर सावली हवी. आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला तिथे धडपणे उभं राहता येईल का, हे बसवण्याआधीच बघा. सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोंबकळून गॅस भरायला कुणी तयार झाला, तरी आपण त्याला तसं करू देऊ नये.