दर कशाचा, मुदत किती?



मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. सहावीची मुलं यंदा शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज शिकतील, आठवीची चक्रवाढव्याज. १०,००० रुपयांवर दरसाल १० टक्क्यांनी २ वर्षांचं सरळव्याज २,००० रुपये, चक्रवाढव्याज २,१००. मुदत लांबली की हाच फरक घर पोखरतो. सावकाराचे ‘दोन टक्के’ महिन्याचे, म्हणजे वर्षाचे २४. हे फळ्यावर मांडलं की वर्ग गप्प होतो. बऱ्याच घरांत तेच कर्ज असतं.

सर, उदाहरण सोडवण्याआधी तुम्ही आम्हाला विचारायला लावायचात, “दर कशाचा, मुदत किती?” मार्क पडायचे तेवढे पडोत. उद्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी माझ्या मुलांनी हे विचारावं, एवढ्यासाठीच यंदाचं वर्ष आहे.